गट नंबर १०८३

रविवार, रात्री साडेदहा

दोन दिवस झाले एका पिवळ्या चिन्हाच्या मागं लागलो होतो. आत्ता कुठं ते गेलंय आणि झोप काही येईना, म्हणून लिहायलो.

झालं असं की दादाच्या पोरीनं यंदा टायपिंगचा क्लास लावलाय, मराठी ३०, म्हणजे मिनिटाला तीस शब्द. क्लासमधे रोज एक तास मिळतो, घरी सरावाला काहीच नाही, लॅपटॉप मी ऑफिसला घेऊन जातो. म्हणलं माळ्यावर आपला जुना पीसी आहेच की. २०११ ला परभणीहून असेंबल करून आणलेला, पेंटियम ड्युअल कोअर ई५७००, जी४१ चा मदरबोर्ड, २ जीबी रॅम, आणि सेलूपर्यंत एसटीत मॉनिटर मांडीवर घेऊन बसलो होतो ते अजून आठवतंय, कंडक्टरनं त्याचं बी तिकीट काढायला लावलं होतं. माय म्हणली, "ते डबडं कामुन काढायलास रं, भंगारवाला कवाचा मागायलाय." ऐकतंय कोण.

झाकण उघडलं तर आत पालीच्या अंड्यांची टरफलं. सायकलच्या पंपानं धूळ उडवली, रॅम काढून तिचे सोनेरी दात पोरीच्या खोडरबरनं घासले (हा उपाय कोणत्याच पुस्तकात नसंल पण आमच्याकडच्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याला येतो), बसवली, आणि एक बीप देऊन मशीन चालू झालं. हार्डडिस्क मात्र टक टक करून मेली. मित्राकडं एक एसएसडी पडून होती ती लावली आणि विंडोज ७ टाकलं, ३२ बिटचं. क्लासचं सरावाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं आणि २ जीबीत याच्यापुढचं काही टाकलं तर मशीन नुसतं कण्हत बसतंय.

डिस्प्ले आपोआप आला, आवाज आला. नेट नाही. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनमधल्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी, उघडलं तर खाली 'इथरनेट कंट्रोलर', म्हणजे केबलनं नेट घेणारी चिप, आणि त्याच्यावर ते पिवळं उद्गारचिन्ह, कोड २८, म्हणजे त्या चिपशी बोलायला विंडोजला लागणारं सॉफ्टवेअर, ड्रायव्हरच नाही. आता बघा गंमत, नेटचा ड्रायव्हर नेटवरून आणायचा आणि नेट चालायला ड्रायव्हर पाहिजे. मदरबोर्डसोबत आलेली सीडी कुठं गेली देव जाणे, बहुतेक शेतात पाखरं उडवायला बांधली असंल, खरंच, आमच्याकडं जुन्या सीड्यांचं तेच होतं.

मग मी जे करायला नको तेच केलं. मोबाईलवर एक फुकटचं ड्रायव्हर शोधून देणारं सॉफ्टवेअर उतरवलं, ओटीजीनं पेनड्राईव्हवर घेतलं, टाकलं. त्यानं लगेच तेवीस बिघाड दाखवले आणि दुरुस्तीला पैसे मागितले. अरे बाबा तुला नेटच नाही तर तू तेवीस शोधलेस कशाच्या जिवावर? ते काढायलाच अर्धा तास गेला. त्यात लाईट गेली. शनिवार तिथंच संपला.

आज सकाळी डोकं शांत होतं. आधी म्हणलं पोर्टच मेलंय का ते तर बघू. पेनड्राईव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम, नुसतं लाईव्ह चालवलं, काही इन्स्टॉल न करता, आणि केबल लावल्या लावल्या नेट सुरू! लिनक्सच्या कर्नलमधे, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, असल्या जुन्या चिपांचे ड्रायव्हर आधीच भरलेले असतात. म्हणजे लोखंड जित्तं होतं, विंडोजला नुसती त्याची ओळख नव्हती.

मग परत विंडोजमधे येऊन त्या पिवळ्या चिन्हावर प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. तिथं पीसीआयच्या पुढं लिहिलेलं, व्हीईएन_१९६९ आणि डीईव्ही_१०८३. पोरगी मागं उभी होती, म्हणली, "काका, १९६९ चं आहे का हे?" लई हसलो. ते साल नाही, कंपनीचा नंबर आहे, इंटेलचा ८०८६ आहे, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचाच आकडा. तिला म्हणलं हे आपल्या शेतासारखं समज, पहिला आकडा गावाचा, दुसरा गट नंबर. १९६९ हा अटॅन्सिक नावाच्या तैवानच्या कंपनीचा, ती अथेरॉसनं घेतली, अथेरॉसला २०११ मधे क्वालकॉमनं घेतलं, पण चिपमधे नंबर तोच. सातबाऱ्यावर अजून पणजोबाचं नाव, फेरफार कुणी केलाच नाही, त्यातला प्रकार. मी काल दिवसभर मदरबोर्डाच्या नावानं शोधत बसलो होतो, म्हणजे तलाठ्याकडं जाऊन 'लिंबाच्या झाडाजवळचं रान' म्हणून उतारा मागितल्यासारखं.

गट नंबर टाकून शोधलं तर चिपचं नाव एआर८१५१ निघालं, पाच मिनिटात ड्रायव्हरची झिप हातात. पहिल्यांदा ६४ बिटची आली ती घेईना, मग ३२ ची आणली. तिचं सेटअप उघडेना. तेव्हा फोल्डरमधली आयएनएफ फाईल, जिच्यात ड्रायव्हर कोणत्या चिपांचा ते लिहिलेलं असतं, नोटपॅडमधे उघडली आणि १०८३ शोधलं. अक्षरांच्या त्या रानात बरोब्बर एका ओळीत होता. मग 'हॅव डिस्क' वरून हातानं ती फाईल दाखवली, पट्टी हिरवी सरकत गेली आणि मागं पोर्टाजवळ केशरी दिवा लुकलुकायला लागला. पिवळं चिन्ह गायब. मी टाळीच वाजवली, माय आतून म्हणली, काय फुटलं?

तरी साईट उघडेनात. सर्टिफिकेटची बोंब, म्हणजे साईटच्या ओळखपत्राची मुदत मशीनच्या तारखेशी जुळेना. खाली घड्याळ बघितलं तर १ जानेवारी २००९, म्हणजे पीसी विकत घ्यायच्या दोन वर्षं आधीची तारीख. बोर्डावरचा सेल मेलेला. चौकातल्या घड्याळवाल्याकडून सीआर२०३२ आणला, बायोसमधे, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमधे, तारीख टाकली, तेव्हा कुठं सगळं जागेवर आलं.

संध्याकाळी पोरीला बोलावलं, मोठ्या तोऱ्यात म्हणलं बघ, नेट लागलं. तर ती म्हणते, "पण काका, मला टायपिंगच करायचंय ना, नेट कशाला? आणि ती वायर काढा की, पाय अडकायलाय."

तिचंही खरं आहे. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टचे अपडेटच नाहीत, असलं मशीन नेटवर ठेवू नये हे मीच ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरतो.

वायर काढली. ती आत्ता आतल्या खोलीत जुन्या कीबोर्डवर खडखड करायली, वहिनी दोनदा ओरडली झोप म्हणून. मी फक्त मघाशी हळूच एकदा डिव्हाइस मॅनेजर उघडून बघितलं. यादी साफ आहे.