एकवीस कोण वाचणार?

"बावीस वाचलंत साहेब, एकवीस राहिलं की!"

आज चर्चमध्ये उपासनेनंतर चहाच्या वेळी आमच्या एका मावशींनी पाळकसाहेबांना असं हसत हसत म्हटलं आणि माझा घोट घशातच अडकला.

साहेबांच्या प्रवचनाचा विषय होता ख्रिस्ती पुरुष, ख्रिस्ती स्त्री आणि आजची संस्कृती. म्हणजे मोबाईल, रील्स, नोकरी करणाऱ्या मुली, सगळं आलं त्यात. त्यासाठी त्यांनी वाचलं बायबलमधलं इफिसकरांस पत्र, अध्याय 5, वचन 22. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं. पण त्याच्या आधीचंच 21 वं वचन सांगतं की एकमेकांच्या अधीन असा, आणि 25 मध्ये नवऱ्याला तर ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, जीव दिला तशी प्रीती करायला सांगितलंय, ते काय सोपंय?

साहेब हसले, "पुढच्या रविवारी घेऊ" म्हणाले. (घेतील का, बघू.)

मावशी मात्र तोवर कप विसळायला गेल्याही होत्या. तिथे सगळ्या बायकाच. आम्ही पुरुष खुर्च्यांवर बसून संस्कृती कशी बिघडली यावर बोलत होतो, मीही त्यातलाच.

घरी येताना पंडिता रमाबाई आठवल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, त्यांनीच बायकांसाठी काढलेल्या आश्रमात बसून हिब्रू, ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं या बाईने, 1922 मध्ये जाईपर्यंत तेच काम चालू होतं, आणि छापखान्यातही मुक्तीतल्या बायकाच. तेव्हा कुठले रील्स होते?

रात्री भांडी मी घासली. बायको म्हणाली, "आज काय विशेष?"

काय सांगू तिला?