काजूच्या बोंडापासून मॅनिटॉलपर्यंत: आमची वाटचाल

वेंगुर्ले तालुक्यात आमचा मूळ धंदा काजूगराचा. बी फोडणाऱ्या इतर कारखान्यांप्रमाणे आम्हीही बोंडाकडे पाठच फिरवली होती, कारण बी वाळवून वर्षभर ठेवता येते आणि बोंड दुसऱ्या दिवशी नासते. वजनाने ते बीच्या आठ-दहा पट असूनही बागायतदार बी काढून घेतो आणि बोंड झाडाखाली टाकतो. शेजारच्या गोव्यात त्याची हुर्राक आणि फेणी ही दारू होते, त्यामुळे आमच्याकडे येणारे पाहुणे अजूनही पहिला प्रश्न तोच विचारतात: तुम्हीही दारूच गाळता का? आम्ही काढतो ते मॅनिटॉल: गोडीला साखरेच्या जवळपास निम्मे, जिभेवर किंचित गार लागणारे आणि प्रामुख्याने चघळण्याच्या गोळ्यांत व बिनसाखरेच्या मिठाईत वापरले जाणारे.

बाजारातले बहुतेक मॅनिटॉल फ्रुक्टोजयुक्त (फळसाखर असलेल्या) पाकावर निकेलच्या साहाय्याने, मोठ्या दाबाखाली हायड्रोजनची क्रिया करून तयार होते. त्यात फ्रुक्टोजचा जवळपास निम्मा भाग सॉर्बिटॉल, म्हणजे मॅनिटॉलसारखेच दुसरे गोड द्रव्य, होऊन बसतो आणि ते वेगळे करण्यात खर्च जातो. ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जीवाणू मात्र फ्रुक्टोजचे थेट मॅनिटॉल करतो, सॉर्बिटॉल करत नाही. इडलीच्या पिठात आढळणाराच हा जीवाणू. साखर कारखान्यांत तो उसाच्या रसातील सुक्रोजपासून, म्हणजे नेहमीच्या साखरेपासून, बुळबुळीत डेक्स्ट्रान बनवून गाळण्या तुंबवतो म्हणून बदनाम आहे. बोंडाच्या रसात सुक्रोज नगण्य आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज जवळजवळ सारखे असल्याने आमच्याकडे त्याची ही खोड दिसत नाही. रस आंबवणे हे तुलनेने सोपे काम आहे.

खरा धंदा शुद्धीकरणाचा, आणि त्याची सुरुवात बागेतच होते. बोंड ऊन खात पडून राहिले की त्यावर रानटी यीस्ट वाढते आणि आमच्या वाट्याची साखर मद्यार्क होऊन जाते; म्हणून त्याच दिवशी पडलेल्या, न फुटलेल्या बोंडांना आम्ही वेगळा, चढा दर देतो. रस पिळल्यावर त्यात साबुदाण्याची पेज घालतो. घशाला खवखवणारे टॅनिन पेजेतल्या पिठुळ भागाला धरून तळाशी बसते आणि वरचा नितळ रस काढून घेता येतो. हे टॅनिन आधी निघाले नाही, तर पुढे त्याचा रंग शेवटच्या टप्प्यापर्यंत पिच्छा पुरवतो.

आंबवून झालेले पाणी पिवळट असते आणि त्याला व्हिनेगरचा वास येतो, कारण मॅनिटॉलबरोबर लॅक्टिक आणि अ‍ॅसेटिक आम्लही तयार झालेले असते. जीवाणू गाळून काढल्यावर रंग काढण्यासाठी सक्रिय कोळसा लागतो. कोकणात करवंट्यांना तोटा नाही, त्यामुळे करवंटीचाच कोळसा वापरण्याचा मोह स्वाभाविक होता. परंतु त्याची छिद्रे फार बारीक असतात आणि रंगाचे मोठे रेणू त्यांत नीट शिरत नाहीत, म्हणून मोठ्या छिद्रांचा लाकडी कोळसा बाहेरून आणावा लागतो. त्यानंतर आयन-विनिमय रेझिनच्या स्तंभांतून पाणी सोडले की आम्ले आणि क्षार अडकतात.

यापुढचा टप्पा मॅनिटॉलच्या स्वभावामुळे सुकर होतो. २५ अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात साखर २०० ग्रॅमच्या आसपास विरघळते, तर मॅनिटॉल जेमतेम २०-२२ ग्रॅम. त्यामुळे निर्वात भांड्यात आटवलेला पाक नुसता थंड केला तरी रवा, म्हणजे बारीक स्फटिक, धरतो आणि उरलेली साखर पाकातच राहते. घाई मात्र चालत नाही. पाक गरम असताना काचेसारखा स्वच्छ दिसतो, मग स्फटिक धरायला बी म्हणून चिमूटभर बारीक मॅनिटॉल घातले की त्यात रेशमी धाग्यांसारखी चमक फिरू लागते. त्या वेळी थंड पाणी एकदम सोडले तर सुयांचा गच्च लगदा होतो, त्यात पिवळी मळी अडकते आणि सेंट्रिफ्यूजमध्ये कितीही धुतले तरी वास जात नाही. गोळ्या बनवणारे खरेदीदार गोडी नंतर पाहतात, आधी पिशवी उघडून वास घेतात.

बोंडांचा हंगाम फेब्रुवारी ते मे एवढाच असतो. मॅनिटॉल हवेतला ओलावा शोषून घेत नाही; ज्या जुलैत घरातल्या डब्यातली साखर ओलसर होते, त्या जुलैत आमचा रवा सुटा राहतो. म्हणून हंगामात आम्ही फक्त कच्चा रवा काढून साठवतो आणि पावसाळ्यात, बागांची कामे थांबलेली असताना, तो पुन्हा विरघळवून दुसऱ्यांदा शुद्ध करतो. दोन्ही वेळा निघालेली मळी पुढच्या पाकात फिरवतो. मॅनिटॉल जास्त पोटात गेले तर पोट ढाळते, हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, मग विक्री थोडी कमी झाली तरी चालेल.

अडचण उरली आहे ती रेझिनची. स्तंभ पुन्हा कामाला यावेत म्हणून त्यांना आम्ल आणि कॉस्टिक सोडा द्यावा लागतो, आणि ते खारट पाणी आवारामागच्या ओहोळात सोडणे शक्य नाही, कारण तो खाडीला मिळतो आणि खाडीत लोक तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) काढतात. सध्या ते टाकीत उदासीन करून आटवतो, ज्याचा जळणाचा खर्च डोईजड आहे. विजेच्या साहाय्याने पडद्यातून आम्ले वेगळी काढण्याची, म्हणजे इलेक्ट्रोडायलिसिसची पद्धत वापरली तर रेझिनचा भार हलका होईल आणि लॅक्टिक आम्लही विकता येईल. त्या यंत्राचे दर आम्ही मागवले असून पुढचा हंगाम सुरू होण्याआधी निर्णय घ्यायचा आहे.