७४ पानं, एक शीर्षपट्टी : एसएसआय बसवण्याचा माझा अनुभव

गोव्यातल्या जत्रांची माहिती देणारं एक मराठी संकेतस्थळ मी सांभाळतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंत बारा तालुक्यांचे बारा फोल्डर, प्रत्येकात सहा पानं, बाहेर मुखपृष्ठ आणि संपर्क. एकूण ७४ पानं, सगळी साधी एचटीएमएल. प्रत्येक पानावर तीच शीर्षपट्टी, तीच तालुक्यांची यादी, तळाला तोच पत्ता. फोन नंबर बदलला की ७४ फाइली उघडायच्या, आणि त्यातली एखादी हमखास राहून जायची.

एवढ्यासाठी डेटाबेस आणि वर्डप्रेस म्हणजे वाटीभर कढीला हंडा. सर्व्हर-साइड इन्क्लूड, म्हणजे एसएसआय, ही १९९० च्या दशकातल्या, अमेरिकेतल्या एनसीएसए संस्थेच्या वेब सर्व्हरपासूनची सोय अपाचे या वेब सर्व्हरमध्ये आजही आहे. पान पाठवण्याआधी सर्व्हर ते वाचतो, त्यातल्या सूचनांच्या जागी मजकूर भरतो आणि मग ब्राउझरला देतो.

खाली सूचना देवनागरीत लिहिल्या आहेत. फाइलमध्ये त्या रोमन लिपीत जातात, आकडेही इंग्रजीच (1, 2, 3).

पहिला प्रश्न एक्स्टेंशनचा, म्हणजे फाइलीच्या नावातल्या शेवटच्या टिंबानंतरच्या भागाचा. रूढ पद्धत म्हणजे फाइलींना .एसएचटीएमएल करायचं. तसं केलं असतं तर लोकांनी जपून ठेवलेले सगळे जुने दुवे तुटले असते. दुसरा मार्ग अपाचेच्या एक्सबिटहॅक या सेटिंगचा: फाइलीला एक्झिक्यूटची परवानगी दिली की सर्व्हर तिच्यात सूचना शोधतो. पण विंडोजवरून एफटीपीने फाइल चढवली की ती परवानगी येईलच असं नाही, आणि मग पान गुपचूप अर्धवट दिसतं. म्हणून मी तिसरा मार्ग धरला, सगळ्याच .एचटीएमएल फाइली एसएसआयच्या गाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून, काढायच्या. डॉट-एचटीअॅक्सेसमध्ये, म्हणजे फोल्डरपुरती सेटिंग्ज ठेवणाऱ्या फाइलीत, दोन ओळी:

ऑप्शन्स +इन्क्लूड्सनोएक्झेक
अॅडआउटपुटफिल्टर इन्क्लूड्स .एचटीएमएल

पहिल्या ओळीतलं अधिक चिन्ह विसरू नका. ते नसलं तर फोल्डरला आधी मिळालेले बाकीचे ऑप्शन्स पुसले जातात. ओळी घालताच सगळी साइट ५०० क्रमांकाची सर्व्हर-चूक दाखवू लागली, तर मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये अलाउओव्हरराइडने ऑप्शन्स बदलायला मनाई केलेली असते. ती होस्टिंगवाल्याकडूनच उठवून घ्यावी लागते. स्वतःचा उबुंटू सर्व्हर असेल तर आधी ‘एटूएनमॉड इन्क्लूड’ ही एसएसआयची सोय चालू करणारी कमांड चालवून अपाचे पुन्हा सुरू करायचा. दुसरी ओळ घातली आणि पहिली विसरलात तर मात्र चूक दिसत नाही. पान येतं, सूचना तशाच राहतात, आणि गाळणी काढून टाकल्याची नोंद फक्त सर्व्हरच्या चुकांच्या नोंदवहीत, एरर लॉगमध्ये सापडते.

‘नोएक्झेक’ मी मुद्दाम ठेवलं. एक्झेक सूचनेने सर्व्हरवर थेट कमांड चालवता येते. एखाद्या पानात वाचकांनी पाठवलेला मजकूर तसाच छापला जात असेल, तर कोणीही अशी सूचना लिहून पाठवू शकतो. शीर्षपट्टीसाठी ती ताकद लागतच नाही.

आता खरं काम. ‘भाग’ नावाचा फोल्डर केला, त्यात शीर्ष, यादी आणि तळ अशा तीन फाइली. यात फक्त तेवढा तुकडा असावा, पूर्ण पानाचे हेड-बॉडी टॅग नकोत. मग पानातला तेवढा भाग काढून त्या जागी ही ओळ:

<!--#इन्क्लूड व्हर्च्युअल="/भाग/शीर्ष.एचटीएमएल" -->

हॅशच्या आधी जागा सोडली तर ती ओळ सर्व्हरच्या लेखी साधी टिप्पणी होते आणि पानावर काहीच दिसत नाही. शेवटच्या दोन रेघांच्या आधी मात्र जागा सोडायचीच. ७४ पानांत ही ओळ एडिटरच्या शोधा-बदला सोयीने घातली, पण आधी तीन पानांवर हाताने करून पाहिली.

व्हर्च्युअलऐवजी ‘फाइल’ हा शब्दही चालतो, आणि नवशिक्या तिथेच अडकतो. फाइलला फक्त त्याच फोल्डरमधलं किंवा त्याच्या पोटातलं सापडतं. दोन टिंबांनी वर चढता येत नाही, तिरप्या रेघेने सुरुवातही करता येत नाही. डिचोलीच्या फोल्डरमधल्या शिरगावच्या लईराई जत्रेच्या पानाला बाहेरचा ‘भाग’ फोल्डर त्यामुळे मिळणारच नाही. व्हर्च्युअलमधली पहिली तिरपी रेघ म्हणजे संकेतस्थळाचं मूळ, डिस्कचं नव्हे. साइट एखाद्या उपफोल्डरमध्ये असेल तर त्याचं नावही लिहावं लागतं. दुसऱ्या संकेतस्थळाचा पत्ता मात्र इथे चालत नाही.

रस्ता चुकला की पानावर इंग्रजीत छापून येतं, ‘अॅन एरर ऑकर्ड व्हाइल प्रोसेसिंग धिस डायरेक्टिव्ह’. हे वाक्य काहीच सांगत नाही, सरळ एरर लॉग उघडावा. माझ्याकडे बहुतेक वेळा कारण एकच निघालं, अक्षरं लहान-मोठी. विंडोजवर दोन्ही एकच, लिनक्सवर दोन वेगळ्या फाइली. त्याखालोखाल परवानगी. तुकड्याच्या फाइलीला ६४४ हवं, म्हणजे मालकाला लिहिता-वाचता येईल, बाकीच्यांना फक्त वाचता.

‘भाग’ फोल्डर लोकांना थेट उघडता येऊ नये म्हणून तिथे सरसकट प्रवेशबंदी लावली, तर सगळ्याच पानांवर तीच चूक आली. व्हर्च्युअल म्हणजे सर्व्हरने स्वतःलाच केलेली विनंती, तिलाही बंदी लागू होते. बंदी काढली आणि शोधयंत्रांनी ते तुकडे यादीत घेऊ नयेत म्हणून त्या फोल्डरला एक्स-रोबॉट्स-टॅगचा नोइंडेक्स हेडर, म्हणजे फाइलीबरोबर जाणारी पानावर न दिसणारी सूचना, लावला. तुकड्याचा हेडर मुख्य पानाला चिकटत नाही, त्यामुळे जत्रेची पानं सुरक्षित राहतात.

शीर्षपट्टीच्या वर एक रिकामी पट्टी दिसत होती, सीएसएस कितीही चाळलं तरी जाईना. ती बॉमची, म्हणजे बाइट ऑर्डर मार्कची, करामत होती. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये जतन करताना फाइलीच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालतं. पूर्ण पानाच्या आरंभी ते खपून जातात, पण तुकडा पानाच्या मध्ये येतो आणि ते तिथे एक अक्षर होऊन बसतात. तुकडे बॉमविना जतन केले की पट्टी गेली. आपल्याकडे याचा थोरला भाऊ म्हणजे जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेला मजकूर. एसएसआय काहीही रूपांतर करत नाही, बाइट जसेच्या तसे चिकटवतं. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये आणायलाच हवी.

‘शेवटचा बदल’ ही तारीख आपोआप यावी अशी इच्छा होती. आधी कॉन्फिगच्या टाइमएफएमटीने दिवस, महिना, वर्ष आकड्यांत ठरवायचे, मग एकोने लास्ट_मॉडिफाइड छापायचं. महिन्याचं नाव मागू नका, ते सहसा इंग्रजीतच येतं. या दोन ओळी मी तळाच्या तुकड्यात न घालता प्रत्येक पानातच ठेवल्या, म्हणजे कुणाची तारीख छापली जातेय यात घोळ नको. तरी पहिल्या दिवशी सगळ्या पानांवर एकच तारीख! एफटीपीने चढवलेल्या फाइलीला चढवल्याचीच वेळ मिळते. आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या दुसऱ्या साधनाने, वेळ जपण्याचा पर्याय लावून पाठवल्यावर खऱ्या तारखा आल्या.

सगळ्यात उपयोगी पडली ती अट. तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिरासारख्या रानातल्या ठिकाणांच्या पानांवर जून ते सप्टेंबर ‘रस्त्याची चौकशी करून निघा’ अशी चौकट हवी होती. अपाचे २.४ मध्ये इफ सूचनेच्या एक्स्प्रमध्ये, म्हणजे अट लिहायच्या जागी, टाइम_मन हा महिना मिळतो, तो ६ ते ९ असेल तर पावसाळ्याचा तुकडा जोडायचा आणि शेवटी एंडइफ. २.२ च्या काळात लिहिलेल्या अटी २.४ वर बंद पडतात, कारण अटींची भाषाच बदलली. जुनीच चालवायची तर एसएसआय-लेगसी-एक्स्प्र-पार्सर ऑन करावं लागतं. आणि घड्याळ सर्व्हरचं असतं. तो भारताच्या पश्चिमेकडच्या एखाद्या देशात असेल तर गोव्यात १ जून उजाडल्यावरही तिथे काही तास मे चालूच असतो.

राहिला वेग. एसएसआयच्या पानाबरोबर अपाचे बदलाची तारीख हेडरमध्ये पाठवत नाही, त्यामुळे ‘पान बदललं का?’ हे ब्राउझरला विचारता येत नाही, तो ते नव्याने उतरवतो. एसएसआय-लास्ट-मॉडिफाइड ऑन करण्याचा मोह होतो. पण मग तारीख मुख्य फाइलीची जाते, शीर्षपट्टी बदलली तरी पान जुनंच समजलं जातं आणि लोकांना जुना फोन नंबर दिसत राहतो. मी ते बंदच ठेवलं आणि एक्स्पायर्स या सेटिंगने एचटीएमएलला दहा मिनिटांची मुदत दिली, म्हणजे तेवढा वेळ ब्राउझर जवळची प्रतच वापरतो. सत्तरी तालुक्यात रेंज रडत असली तरी मागे-पुढे करताना पान लगेच येतं, आणि ऐन जत्रेच्या दिवशी वेळ बदलली तर दहा मिनिटांत सगळीकडे पोचते.