वॉर्ड भरलेला असताना खोटा पेशंट कशाला?

ओपीडीची रांग पोर्चच्या बाहेर, वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी, आणि तुम्ही मेडिकलच्या पोरांना कॉम्प्युटरमधल्या पेशंटवर शिकवता? हे मला पालकांनी विचारलंय, निवृत्त झालेल्या सरांनी विचारलंय, आणि माझा सर्जन भाऊ तर दर दिवाळीला फराळाचं ताट हातात घेऊन विचारतो. एका पत्रकार बाईंनी फोनवर "तुमच्याकडचे ते खोटे पेशंट" म्हटलं, तेव्हा मला वाटलं, इन्स्पेक्शनच्या दिवशी खाटा भरलेल्या दिसाव्यात म्हणून काही कॉलेजांत धडधाकट माणसं आणून झोपवतात, त्यांच्याबद्दल बोलताहेत. त्या विषयावर मी जास्त मोकळेपणानं बोलले असते.

तर तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते. आधी चिडून सांगायचं ते सांगून टाकते. मला यात कुठल्या कंपनीकडून दमडी मिळत नाही. 2019 च्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमानं स्किल लॅब, म्हणजे पुतळ्यांवर वगैरे सराव करायची खोली, सक्तीची केली म्हणून मी या भानगडीत पडले, असंही नाही. सक्तीच्या गोष्टी कागदावर कशा उरकायच्या हे सरकारी नोकरीत सगळ्यांनाच येतं. केसेस मी स्वतः लिहिते, रात्री, मागचं आवरून झाल्यावर. पडद्यावर एक बाई असते, मुलं तिला प्रश्न विचारतात, ती उत्तरं देते. तपासण्या मागवल्या की रिपोर्ट येतात, घड्याळ पुढं सरकतं, आणि फुप्फुसात पाणी झालेल्या त्या बाईला धो धो सलाइन सोडलं तर ती मरते. मग मुलं तोंड पाडून बसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. वॉर्डात हे पुन्हा पहिल्यापासून करता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांची नव्हेच. 1963 मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टनं, चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईला, पायातली ताकद गेलेल्या पेशंटचं सोंग शिकवलं आणि तिच्यावर विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. त्याच्या डोक्यात हे घातलं होतं परीक्षेला आणलेल्या एका खऱ्या पेशंटनं. एका उमेदवारानं मला दांडगाईनं तपासलं, म्हणून मी मुद्दाम त्याला खुणा बदलून दाखवल्या, असं त्यानं बॅरोजना सांगितलं होतं म्हणे. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं हसतात. आमच्याकडचे परीक्षेचे पेशंट मात्र उलट मदत करतात. एक्झामिनरची पाठ वळली की हळूच म्हणतात, "डावीकडं वळवून ऐका, मग येतंय ऐकू." सांगून सांगून त्यांची हिस्टरी इतकी तोंडपाठ झालेली असते की त्यांना खरे पेशंट तरी कसं म्हणायचं?

आता ती गोष्ट, जी मी भावाला सोडून कोणाला नीट सांगितलेली नाही.

ती बीडकडची होती, ऊसतोडीला जाणारी, तिशीच्या आतली. मुलं झाल्यावर दम लागायला लागला म्हणून आलेली. लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची झडप आकसलेली, मायट्रल स्टेनोसिस. मी तेव्हा फायनल इयरला. अशी केस युनिटला आली की बातमी होस्टेलपर्यंत जाते. तिचा मर्मर, म्हणजे झडपेतून रक्त जाताना होणारा जादा आवाज, खालच्या पट्टीतला. स्टेथोस्कोपची बेल छातीवर अलगद टेकवायची, पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास सोडून धरायला सांगायचं, तेव्हा कुठं लांबून बैलगाडी गेल्यासारखी घरघर येते. तरी नाही आली तर तिला चारपाच वेळा उठवायचं-झोपवायचं, नाडी वाढली की आवाज ठळक होतो. हे सगळं पुस्तकात आहे आणि बरोबर आहे. फक्त, आडवं झालं की दम लागतो याच तक्रारीसाठी ती बाई आमच्याकडं आली होती.

खाटेला पडदा नव्हता. सर म्हणाले, मुलींपैकी कोणीतरी चादर धरा. मी धरली. त्यामुळं ऐकायची पाळी शेवटी आली, आणि तिचा चेहरा मात्र पहिल्यापासून माझ्यासमोर. "श्वास सोडा. धरा. धरा, धरा... हं." सुरुवातीच्या दोघा-तिघांनी "सॉरी हं मावशी" म्हटलं, पुढच्यांनी तेही नाही. मावशी! आमच्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल. एकाला ऐकूच येईना, तर त्याच्यासाठी तिला पुन्हा उठवलं, झोपवलं. वरच्या ओठावर घाम साचला. मानेच्या शिरा टरारल्या, त्याही सरांनी दाखवून घेतल्या. तिनं मला हळूच विचारलं, "अजून किती हायेत, ताई?" मी मागं वळून पाहिलं आणि "झालंच" म्हणाले. झालं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा तिनं मी न सांगताच कूस बदलली, श्वास सोडला आणि धरला. इतका स्वच्छ मर्मर पुढं क्वचितच ऐकायला मिळाला. नंतर ज्या ज्या बायकांचं हे दुखणं माझ्या कानानं पकडलं, त्यांच्यासाठी माझा कान तिनं तयार केला होता.

फुग्यानं झडप उघडायला तिला मुंबईला पाठवायचं ठरत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी. डामा, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी. केसपेपरवर नेहमीचं वाक्य, धोक्याची कल्पना दिली आहे, स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जात आहे, आणि खाली नवऱ्याचा अंगठा. रेसिडेंट वैतागला होता. "फुकट मिळतं ना, म्हणून किंमत नाही यांना."

मी हे किती वेळा उलटसुलट केलंय! दसरा होऊन गेला होता, मुकादमाची उचल घेतलेली असणार. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, एकट्यानं उचल फिटत नाही. मुंबईला सोबत कोण जाणार, पोरं कोणापाशी ठेवायची. आमच्या क्लिनिकमुळं, म्हणजे खाटेपाशी चाललेल्या त्या शिकवणीमुळं, गेली म्हणणं म्हणजे स्वतःला भलतंच महत्त्व देणं, असं भाऊ म्हणतो, आणि तो बरोबर असेल. पण आमच्यामुळं गेली नाही, हेही मला कोणी लिहून देत नाही.

तो मर्मर आता पुतळ्याच्या छातीत वाजतो. मायामी विद्यापीठाचा 'हार्वे' तर 1968 पासून विद्यार्थ्यांना असे आवाज ऐकवतोय. हवा तितक्या वेळा ऐका, त्याला दम लागत नाही. "आम्ही असेच शिकलो" म्हणणाऱ्या सरांना मला एवढंच विचारायचं असतं, की त्या शिकण्याची फी कोण भरत होतं? तोंडावर विचारलेलं नाही. त्यांनीच मला शिकवलंय.

पण आता दुसरी बाजू, नाहीतर मीही जाहिरातवालीच ठरेन. 2020 मध्ये मुलं घरी गेली तेव्हा मला फारच चेव आला होता. क्लिनिकचे निम्मे तास असेही वाया जातात, ते कायमचे पडद्यावर न्या, असं मी मीटिंगमध्ये ठासून सांगत होते. अशा पडद्यावरच्या पेशंटांचा खरा उपयोग निदानाचा विचार घासून घ्यायला आहे, बोलायला शिकवायला नाही, हे कुक आणि ट्रायोला या संशोधकांनी 2009 मध्येच लिहिलेलं. ते मला माहीत होतं. मीटिंगमध्ये मी त्यातलं सोयीचं अर्धंच सांगितलं.

मुलं परत आली. पडद्यावर पैकीच्या पैकी मार्क घेणारा एक हुशार मुलगा एका म्हाताऱ्या बाबांसमोर उभा राहिला. खोकला आहे का, किती दिवस, बेडका पडतो का, रंग कुठला, रात्री घाम येतो का. बाबा त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, तुमी आदी बसा की." तो बसला, आणि पुढचा प्रश्न विसरला. चूक त्याची नव्हती. माझी पडद्यावरची बाई विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देते. तिला मध्येच लघवीला जायचं नसतं, तिच्या वतीनं सासू बोलत नाही, आणि प्रश्न जास्त विचारले म्हणून ती कंटाळत नाही. तिच्यापाशी विचारणं फुकट असतं.

म्हणून सध्या मी वेगळी केस लिहितेय. दम लागणारी बाई, मायट्रल स्टेनोसिस. तिला तिसऱ्यांदा उठबस करायला लावलं तर ती रात्रीतून निघून जाते. निदान बरोबर असलं तरी जाते. मुलांची पहिली तक्रार आली की सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. दुसरी, की हे मार्कांच्या दृष्टीनं अन्यायाचं आहे, कारण उठबस न करवताही ती कधीकधी निघून जाते. ते मीच तसं ठेवलंय. विभागप्रमुख म्हणाले, मॅडम, मग तिला थांबवायचा बरोबर पर्याय कुठला ते तरी टाका, त्याशिवाय मला परीक्षेला ही केस घेता येणार नाही. मी दोन पर्याय लिहून पाहिले आणि दोन्ही खोडले. भाऊ म्हणतो, नवऱ्याशी बोलणं हा पर्याय टाक. तो आता लिहायला घेतलाय, पण नवरा काय उत्तर देईल ते सुचत नाहीये.