तुम्ही विचारलंत म्हणून: रंग का घालवतो

घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे खटकतं. मी 'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या अमेरिकन मालिकेचा जुना भाग लावतो, रिमोट घेऊन सेटिंगमध्ये जातो, रंगाचा आकडा शून्यावर आणतो आणि मगच बघायला बसतो. "अहो, चांगलं रंगीत आहे, घालवता कशाला?" शेजाऱ्यांनी विचारून झालं, ऑफिसातल्यांनी विचारून झालं, परवा व्याह्यांनीही विचारलं. आजवर "सवय" एवढंच सांगून वेळ मारून नेली. पण सवयीचा यात काही संबंध नाही. क्रिकेट मी रंगीतच बघतो.

आणि आमच्या वेळचं तेवढंच खरं, असंही माझं म्हणणं नाही. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागायची तेव्हा रामबागेतल्या आमच्या घरी लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट सेट होता आणि त्या करड्या पडद्याचा मला संताप यायचा. पडद्यावर लावायचा रंगीत प्लास्टिकचा कागद मिळायचा, तो मी हट्टाने आणवला होता. यानाचा कप्तान कर्क, त्याचं कपाळ निळं, हनुवटी हिरवी. तेवढ्यावरही मी खूश होतो. तो मुलगा आज समोर आला तर विचारेल, ज्यासाठी मी रडून गोंधळ घातला ते मिळाल्यावर तू बंद का करतोस? त्याला द्यायला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे.

काही जाणकार म्हणतात, ही मालिका रंगासाठीच बनवली होती. कबूल. १९६६ साली ती अमेरिकेत सुरू झाली तेव्हा एनबीसी ही वाहिनी आरसीएच्या मालकीची होती आणि आरसीए रंगीत टीव्ही विकत होती. अंतराळयानाच्या करड्या भिंतींवर मुद्दाम रंगीत दिवे टाकले जात. पण तेव्हा बहुतेक अमेरिकन घरांत सेट ब्लॅक अँड व्हाइटच होते, म्हणजे पहिल्या प्रेक्षकांतल्या बहुतेकांनी तिथेही ती आमच्यासारखीच पाहिली. आणि कर्कचा तो सोनेरी शर्ट? मालिकेचे वेशभूषाकार विल्यम थाइस यांनी शिवून घेतलेलं मूळ कापड हिरवट होतं, फिल्मवर ते सोनेरी उमटलं. मग खरा रंग तरी कोणता धरायचा?

असो. हे मुद्दे मी वाद घालायला जमवलेत. मी रंग घालवतो तो बाबांमुळे.

बाबांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नसे. ठिपक्यांच्या गोलात लपलेला आकडा वाचता आला नाही म्हणून तरुणपणी त्यांची एक चांगली नोकरी हुकली, मग ते कापड मिलमध्ये हिशेबाला लागले. घरात याचा उच्चार नव्हता. मला तर पत्ताच नव्हता. रविवारी पोह्यांची बशी हातात घेऊन ते इंग्रजी संवाद मराठीत सांगत जायचे आणि आमचा दोघांचा एक खेळ चालायचा. ट्रान्सपोर्टरवर, म्हणजे माणसांना क्षणात यानातून ग्रहावर पोचवणाऱ्या यंत्रावर, चार-पाच जण उभे राहिले की यातला कोण परत येणार नाही ते ओळखायचं. बाबा चेहरा बघायचे, त्याला नावाने कोणी हाक मारली का ते बघायचे. बरेचदा बरोबर यायचं त्यांचं.

एका रविवारी राजेंद्र नगरला मावशीकडे गेलो होतो. तिच्याकडे रंगीत सेट होता. मालिकेत मरायचे ते बहुधा लाल शर्टवाले, त्यामुळे तिथल्या मुलांना ओळखायची गरजच नव्हती. "लालवाला मरणार," दोघं एकदम ओरडले. बाबांनी नेहमीसारखं बोट दाखवलं, हा जाणार म्हणून. "काका, तो पिवळा आहे!" बाबांनी अगदी साधेपणाने विचारलं, "यातला लाल कुठला?"

आधी सगळ्यांना वाटलं, चेष्टा करताहेत. मग थोरल्याच्या लक्षात आलं. त्याने सोफ्यावरची उशी उचलून समोर धरली. "काका, हा कुठला?" बाबांनी सांगितलं. चुकलं. मुलं हसली. कॅलेंडरवरच्या देवीचं पातळ. तेही चुकलं. धाकटा धावत आत गेला आणि लोणच्याची बरणी घेऊन आला. मावशी हसू दाबत म्हणाली, "भाऊजी, खरंच?" दारात आई उभी होती, तिच्या हाताला कणीक तशीच होती. "पुरे झालं," ती म्हणाली, पण मुलं कुठली थांबायला. बाबांनी बरणी दोन्ही हातांनी घेतली, नीट निरखली आणि म्हणाले, "हे मला सांगता येत नाही रे." टीव्हीवर कोण मेलं ते मला आठवत नाही.

मुलांना कळत नव्हतं, मान्य. मोठ्यांना कळत होतं. त्या मोठ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो घालवायची मला इच्छाही नाही.

आमच्या सेटवर लाल ओळखायची सोय कुणालाच नव्हती. बाबा आणि मी, दोघांना सारखंच दिसत होतं. आकडा शून्यावर नेतो तो एवढ्यासाठी. पुढे घरी रंगीत सेट आला, बाबांनी त्यावर हौसेने बातम्या पाहिल्या. आमचा तो खेळ मात्र परत कधी झाला नाही.

हे उत्तर मला पुरायचं. पण हा दोष बापाकडून मुलाकडे येत नाही, मुलीमार्फत नातवाकडे जाऊ शकतो, आणि ताईच्या मुलाला तो आला आहे. दिवाळीत तो शेजारी बसला होता. मी रिमोट उचलला तसा म्हणाला, "मामा, राहू दे ना. मला दिसतात तेवढे रंग मला आवडतात. तुम्ही सगळे का काढून घेता? आजोबांनी सांगितलं होतं का काढायला?"

नव्हतं सांगितलं. तो भाग आम्ही रंगीत पाहिला. स्पॉकचा निळा शर्ट त्याला पटकन ओळखू येतो, सोनेरी शर्टातला कर्क आणि लाल शर्टातला स्कॉटी मात्र एकाच मातकट रंगाचे दिसतात म्हणाला, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. तो गेल्यावर मी आकडा परत शून्यावर नेला. पुढच्या वेळी तो आला की वाद होणारच, आणि त्याचा मुद्दा खोडायला अजून तरी मला काही सुचलेलं नाही.