मात्सेईला लिहिलेलं पत्र आणि गळालेला ‘स’

अमेरिकेचा नेता थॉमस जेफरसनने २४ एप्रिल १७९६ रोजी फिलिप मात्सेईला पत्र लिहिलं. मात्सेई इटालियन, एके काळी व्हर्जिनियात माँटिचेलोशेजारी राहिलेला, आता पिसाला परतलेला. पत्रातला बराचसा मजकूर मात्सेईच्या मागे राहिलेल्या पैशांच्या व्यवहारांचा. राजकारणावर एकच परिच्छेद, पण तो धगधगता. जॉन जे याने ब्रिटनशी केलेल्या ‘जे करारा’च्या अंमलबजावणीला पैसे द्यायचे की नाही, यावर तेव्हा प्रतिनिधीगृहात रणं माजली होती. सहाच दिवसांनी ते ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाले.

देशात इंग्रजधार्जिणा, राजेशाहीवादी पक्ष उभा राहिलाय, असं जेफरसन लिहितो. कार्यकारी सत्ता, न्यायसंस्था, सरकारी अधिकारी, अधिकारी होऊ पाहणारे, ब्रिटिश भांडवलावर चालणारे व्यापारी, सरकारी रोख्यांचे सट्टेबाज असे सगळे विरोधक तो मोजतो. मग ते जहाल वाक्य: रणांगणात सॅमसन आणि सल्लामसलतीत सॉलोमन असलेल्या माणसांचे केस इंग्लंड नावाच्या वेश्येने कापले. (बायबलमध्ये सॅमसनचं बळ त्याच्या केसांत असतं, आणि सॉलोमन हा शहाणा राजा.) नाव एकाचंही नाही, पण रोख तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन याच्यावर दिसत होता.

हा परिच्छेद जानेवारी १७९७ मध्ये पॅरिसच्या ‘मोनितर’ या वृत्तपत्रात फ्रेंचमधून आला आणि मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ‘मिनर्व्हा’ या वृत्तपत्रात पुन्हा इंग्रजीत उतरला. जेफरसन तोवर उपराष्ट्राध्यक्ष झालेला. मूळ पत्र आणि छापील मजकूर शेजारी ठेवून वाचा. फ्रान्सशी चाललेली कृतघ्नता थांबवायला हवी, असं एक अख्खं वाक्य छापील मजकुरात आहे, मुळात नाही. दुसरा फरक एका अक्षराचा. त्या पक्षाने ब्रिटिश सरकारचे ‘फॉर्म्स’ आणले, असं मुळात होतं, म्हणजे अध्यक्षांचे दरबार, वाढदिवसाचे सोहळे, मिरवणुका. छापताना ‘फॉर्म’ झालं, आणि अर्थ निघाला की जेफरसन ब्रिटिश राज्यपद्धतीच्या ढाच्यावरच, म्हणजे पर्यायाने अमेरिकेच्या राज्यघटनेवरच घसरलाय.

मग खुलासा का केला नाही? ३ ऑगस्टला आपला राजकीय सहकारी जेम्स मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात त्याने अडचण नेमकी मांडली आहे. पत्र नाकारावं तर आशय बहुतांशी त्याचाच. स्वीकारावं तर शब्द त्याचे नाहीत, आणि एके ठिकाणी अर्थच फिरलेला. खुलासा करायचा तर पुरावे द्यावे लागणार, वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळातली गुपितं बाहेर येणार, आणि खुद्द वॉशिंग्टनशी उघड भांडण होणार. मॅडिसननेही गप्प राहण्याकडेच कौल दिला. माझ्या मते हा सल्ला बरोबर होता. त्या ‘स’चा खुलासा खरा असला, तरी सॅमसनचं वाक्य भाषांतराच्या माथी मारता येत नव्हतं.

वॉशिंग्टनने जेफरसनला लिहिलेलं शेवटचं पत्र जुलै १७९६ चं आहे, म्हणजे हा मजकूर छापून येण्याआधीचं.

१८२४ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, जेफरसनने सिनेटर मार्टिन व्हॅन ब्यूरेनला लांबलचक पत्र लिहून सांगितलं की सॅमसन म्हणजे वॉशिंग्टन नव्हे, तर सिनसिनाटी ही माजी लष्करी अधिकाऱ्यांची संस्था. मला हे अर्धंच पटतं. सॅमसन त्या अधिकाऱ्यांना शोभतो. सल्लामसलतीतला सॉलोमन मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांना लागू पडतो, आणि त्या थोड्यांत पहिलं नाव वॉशिंग्टनचंच येतं.