कुरण

कालपासून एकच गोष्ट मनात घोळते आहे आणि ती इतकी क्षुल्लक आहे की घरात कोणापुढे काढायचीही सोय नाही. ओसा द्वीपकल्पात घरासाठी घेऊ पाहत असलेल्या जागेचा मोजणी-नकाशा टेबलावर पसरून मी त्यावर पेन्सिलीने वर्तुळे काढत होते. कोस्टा रिकाच्या १९९६ च्या वनकायद्याप्रमाणे बारमाही झऱ्याभोवती १०० मीटरच्या त्रिज्येत आणि चढउताराच्या जमिनीत ओढ्याच्या दोन्ही काठांना ५० मीटरपर्यंत झाड तोडता येत नाही. शिवाय जे जंगल आहे त्या जमिनीचा वापर, काही मोजके अपवाद सोडले तर, बदलता येत नाही. रेघा ओढता ओढता जमीन डोळ्यांदेखत आक्रसत गेली. शेवटी कोपऱ्यात उरले ते एक कुरण, कधीकाळी कोणीतरी गुरांसाठी जंगल तोडून केलेले. ते दिसताच मला हायसे वाटले. बोचते आहे ते एवढेच.

ज्या अरण्याच्या ओढीने इतकी वर्षे पैसे बाजूला टाकले, त्यातले माझ्या कामाचे काय, तर जिथे अरण्य उरलेले नाही तेवढा तुकडा! कुऱ्हाड दुसऱ्याने चालवली, पाप त्याच्या माथी, आणि घर माझे. जाहिरातीत टूकन, लाल मकाव असले पक्षी आणि चार जातींची माकडे हे सारे रस्ता, वीज, पाणी यांच्याच रांगेत मांडले आहे, याचा परवा मला केवढा राग आला होता. पण काल हायसे वाटले ते मलाच. समुद्राकाठचा विचार पूर्वीच सोडला होता, कारण भरतीरेषेपासूनचे पहिले ५० मीटर सर्वांचे आणि पुढच्या १५० मीटरांवर मिळाला तर फक्त वापराचा परवाना. त्यावरून भावाशी जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही.

लोक जमिनी घेतात, घरे बांधतात, निवांत झोपतात. असले किडे माझ्याच डोक्यात का वळवळावेत, असे म्हणत सकाळ रडगाण्यात घालवली आणि मग तोच कायदा पुन्हा वाचला. दोन हेक्टर किंवा त्याहून अधिक क्षेत्र, सत्तर टक्क्यांहून जास्त भागावर झाडांची सावली आणि छातीच्या उंचीवर किमान १५ सेंटिमीटर व्यासाची हेक्टरी साठांहून जास्त झाडे असली, की ते जंगल. मग ते आपोआप पुन्हा उगवलेले असले तरी चालते. म्हणजे घरापुरती जागा ठेवून बाकीचे कुरण मोकळे सोडले, पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी शेजारच्या रानातून बिया आणल्या आणि त्या दाट गवतातून रोपांनी डोके वर काढले (हेच सर्वांत अवघड म्हणतात), तर एकसष्टाव्या झाडाला माझेच हात कायद्याने बांधले जातील. हे मला भलतेच आवडले आहे. विक्रेत्याला मात्र यातले काही सांगायचे नाही. भाव तो कुरणाचाच लावून बसला आहे.